ज्ञानदेव कोकरेची झोप

कासुर्डीत ज्ञानदेव कोकरेला सगळे विमानवाला म्हणायचे. तो काही विमान चालवत नव्हता. लोहगावच्या विमानतळावर रात्री उतरलेले वैमानिक आणि त्यांच्याबरोबरच्या पोरी यांना मुक्कामाच्या हॉटेलात सोडायचं, आणि त्यांची वेळ झाली की परत विमानतळावर न्यायचं, एवढंच त्याचं काम. गाडी पांढरी टवेरा, मालक वाघोलीचे बबनराव. पण त्याचे वडील ज्योतिबा आबा, ज्यांनी उभा जन्म मेंढरांमागं काढला, ते यवतच्या बाजारात कुणी विचारलं की सांगायचे, “पोरगं पायलट लोकांसंगं असतंय.” ते काही खोटं नव्हतं.

आधी ज्ञानदेव यवत ते दौंड सीटा भरून नेणारी वडाप जीप चालवायचा. दोन हजार पाचनंतर विमानांची तिकिटं स्वस्त झाली, कंपन्या वाढल्या, पुण्याला उतरणारी विमानंही वाढली, आणि विमानातली माणसं आणायला-सोडायला ड्रायव्हर कमी पडू लागले. बबनरावांनी त्याला उचललं ते तो दारू पीत नाही म्हणून. पगार असा नव्हता, ड्युटीमागं पैसे. पण वडापपेक्षा ते पुष्कळ होते. धनश्री, त्याची एकुलती मुलगी, त्याच वर्षी यवतच्या इंग्रजी शाळेत गेली.

काम दिसायला सोपं होतं. रात्री साडेअकराला एक क्रू उतरायचा. क्रू हा शब्द तो पहिल्याच आठवड्यात शिकला. त्यांना हॉटेलवर सोडलं की ती माणसं दुसऱ्या दुपारपर्यंत हलायची नाहीत, कारण त्यांना अमुक इतके तास आराम मिळालाच पाहिजे असा नियम होता. पण आदल्या दुपारी आलेला दुसरा क्रू झोपून ताजा झालेला असायचा आणि त्याला सकाळी सहाचं विमान असायचं. म्हणजे साडेचारला गाडी पुन्हा हॉटेलच्या दारात. मग दुपारी एक फेरी, संध्याकाळी एक. माणसं बदलायची, ड्रायव्हर तोच.

“मधला वेळ तुझाच की,” बबनराव म्हणायचे. “कोण तुला उठवतंय?”

मधला वेळ दोन तासांचा, कधी तीन. सीट मागं पाडून तो पडायचा. डास चावायचे. काच वर केली की गुदमरायचं, खाली केली की डास. डोळा लागतो न लागतो तोच हॉटेलचा वॉचमन काचेवर काठी वाजवायचा, “गाडी पुढं घ्या, पाहुणे आलेत.” तिसऱ्या नाहीतर चौथ्या दिवशी तो मोटरसायकलवरून कासुर्डीला यायचा, आणि जेवता जेवता त्याचा हात ताटातच राहायचा. रंभा, त्याची बायको, हलकेच त्याची बोटं कालवणातून काढून पुसायची. धनश्रीच्या गॅदरिंगला तो पहिल्या रांगेत बसला आणि पोरीचं नाचणं सुरू व्हायच्या आत घोरायला लागला. मागची माणसं हसली. धनश्री दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

एकदा मागच्या सीटवरचा एक कॅप्टन फोनवर ऑफिसला सांगत होता, माझे आरामाचे तास भरलेले नाहीत, मी हे विमान नेणार नाही. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. पलीकडच्यांनी ऐकून घेतलं आणि दुसरा माणूस धाडला. ज्ञानदेवने घरी आल्यावर हे रंभाला कौतुकानं सांगितलं.

“आन् तुमचे तास कोण मोजतंय?” रंभा म्हणाली.

“आपल्याला काय उडायचंय?” तो हसला.

त्या लोकांत कॅप्टन सबनीस म्हणून एक होते. मुंबईचे, पन्नाशी उलटलेले, बोलायला मऊ. बाकीचे ड्रायव्हरला ‘भैया’ म्हणायचे, सबनीस नावानं हाक मारायचे, आणि तीही अहो-जाहो. दोन हजार सातच्या सप्टेंबरात त्यांना पुण्यात अख्खा दिवस मोकळा मिळाला. त्यांनी बबनरावांना फोन केला, रांजणगावच्या गणपतीला जाऊन येतो, ज्ञानदेवची गाडी द्या. ज्ञानदेवची सकाळची फेरी नुकतीच संपली होती. आदली रात्र आणि त्याच्याही आदली रात्र तो गाडीतच होता. पण बबनरावांना नाही कसं म्हणायचं, आणि सबनीस साहेबांना तर नाहीच.

वाघोली गेलं, कोरेगाव गेलं. शिक्रापूरच्या चौकात त्यानं चहा प्यायला, तोंडावर पाणी मारलं. ऊन लख्ख पडलं होतं. पुढं रस्ता सरळ होता, आणि सरळ रस्ताच वाईट. नंतर त्याला आठवत होतं ते एवढंच की एक दुधाचा टँकर समोरून येत होता आणि तो हळूहळू मोठा होत होता, आणि त्याला तो बघायला बरा वाटत होता. मग साहेबांचा हात त्याच्या हातावरून स्टिअरिंगवर आला. गाडी डावीकडं ओढली गेली, दोन चाकं खाली मातीत उतरली, टँकर हॉर्न मारत घसटून गेला. गाडी एका बाभळीच्या अलीकडं थांबली.

“सर, चुकलं. सर, माफ करा.”

सबनीस पुढच्याच सीटवर होते म्हणून दोघं वाचले. ते खाली उतरले, वळसा घालून ड्रायव्हरच्या दाराशी आले. “तुम्ही पलीकडे सरका.”

“सर, तुम्ही कशाला—”

“सरका.”

रांजणगावपर्यंत कॅप्टनने गाडी चालवली. ज्ञानदेवला वाटलं, लाजेनं आपण मरू. पण दोन किलोमीटरही झाले नसतील आणि तो झोपला. देवळाच्या पार्किंगमध्ये साहेब त्याला उठवायला गेले तेव्हा त्यानं झोपेतच विचारलं, “किती वाजता सोडायचंय?”

दर्शन झाल्यावर हारवाल्यांच्या पलीकडं एका हॉटेलात ते बसले. सबनीसांनी त्याला विचारलं, गेल्या तीन दिवसांत सलग किती झोपलात? ज्ञानदेवनं बोटं मोजायला घेतली. सोमवारी रात्री दोन तास, मंगळवारी दुपारी दीड, रात्री पावणेदोन तास. पहिल्या हाताची बोटं पूर्ण व्हायच्या आतच हिशेब संपला.

“मी असं विमान नेलं तर माझं लायसन जाईल,” सबनीस म्हणाले. “आणि आम्हाला झोपेतून उठवून विमानापर्यंत आणता तुम्ही.” मग ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “माझी तरी कुठे होते झोप? दिवसा पडदे ओढून पडायचं, शेजारच्या खोलीत टीव्ही चालू. पण माझा आराम निदान कागदावर असतो. मी लिहितो कंपनीला.”

“सर, नका लिहू.”

“तुमचं नाव घालणार नाही.”

त्यांनी खरंच नाव घातलं नाही. पण त्या दिवशी रांजणगावला कोणती गाडी गेली होती हे बबनरावांना शोधावं लागलं नाही. आठ दिवसांनी त्यांनी ज्ञानदेवला वाघोलीच्या ऑफिसात बोलावलं. त्यांच्यापुढं एक नवं कोरं लाल बांधणीचं रजिस्टर होतं.

“साहेबानं मायेनं विचारलं आन् तू घरचं सगळं उघडं केलंस,” बबनराव म्हणाले. ओरडले नाहीत. “आता कंपनी म्हणतीय, ड्रायव्हरला दहा तास आराम. लेखी. कुणी कवा गाडी सोडली, कवा घेतली, सही पायजे. मी चार ड्रायव्हर कुठनं आणू? दोन गाड्या होत्या, आता एकच लावतो. तू आन् नवनाथ, एक दिवसाआड. एकाचा आराम, एकाची ड्युटी. झालं तुझ्या मनासारखं?”

नवनाथ हा तळेगाव ढमढेरेचा. दुसरी गाडी तो चालवायचा. ज्ञानदेवपेक्षा चार वर्षांनी लहान, अंगानं आडवा, तोंडात कायम बडीशेप. दोघं रात्री विमानतळाबाहेर एकाच टपरीवर चहा प्यायचे. नवा नियम ऐकून नवनाथ म्हणाला, “ज्ञाना, लेका, आरामाचं काय करू मी? पोरांच्या ताटात वाढू?”

“मला काय ठावं असं व्हईल.”

“तुला कुठनं ठावं असणार,” नवनाथ म्हणाला. त्यापुढं त्यानं दोष दिला नाही. ड्युट्या निम्म्या झाल्या म्हणजे पैसे निम्मे, हे दोघांनाही न बोलता कळत होतं.

आरामाचा पहिला महिना ज्ञानदेवला विचित्र गेला. घरी अंथरूण होतं, पंखा होता, रंभा कुणाला मोठ्यानं बोलू देत नव्हती, आणि झोप येत नव्हती. रात्री अडीचला डोळे टक्क उघडायचे. तो अंगणात जाऊन बसायचा आणि हायवेवरून सोलापूरकडं जाणाऱ्या गाड्यांचे दिवे बघायचा. त्याची आई सगुणाबाई म्हणायची, “कुणाची नजर लागलीया पोराला.” शरीर तासांचा कागद वाचत नाही, हे त्याला पटवून देणारं घरात कुणी नव्हतं.

मग दिवाळी झाली, शाळेची दुसऱ्या सत्राची फी आली, आणि ज्ञानदेव मोकळ्या दिवशी दुधाच्या पिकअपवर जाऊ लागला. सकाळी वाड्यावस्त्यांवरचं दूध गोळा करून यवतला डेअरीत घालायचं, संध्याकाळी पुन्हा तेच. नवनाथनं रांजणगावच्या एमआयडीसीत कामगारांची बस धरली, सकाळची पहिली शिफ्ट. रजिस्टरमध्ये मात्र दोघांचा आराम भरपूर होता. ज्या दिवशी सही करायची राहिली, त्या दिवशीची ते एकमेकांची करून टाकायचे.

जानेवारीत पिकअपचा दुसरा ड्रायव्हर सासुरवाडीला गेला तो आलाच नाही. तीन दिवस ज्ञानदेवनं दोन्ही वेळचं दूध ओढलं, आणि मधली एक रात्र विमानतळावर काढली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दूध घालून तो मोटरसायकलला किक मारून पुण्याकडं निघाला, तर यवतच्या पुढं हायवेवर त्याला समोरच्या एका ट्रकचे दोन दिसू लागले. त्यानं गाडी बाजूला घेतली. शिक्रापूरच्या पुढचा तो टँकर त्याच्या अंगावर पुन्हा आल्यासारखा वाटला. त्यानं नवनाथला फोन लावला.

“नवनाथ, आजची रात काढशील का माझ्या जागी?”

“मला सकाळी कंपनीची बस हाय रं.”

ज्ञानदेव काही बोलला नाही. तो नुसता फोन कानाला लावून उभा राहिला.

पलीकडून थोड्या वेळानं आवाज आला. “बरं. काढतो. पुढच्या दोन तुझ्या.”

ज्ञानदेव घरी परतला. आठला आडवा झाला. आणि कित्येक वर्षांत आली नव्हती अशी झोप त्याला आली. अडीचला डोळा उघडला नाही. आबांचा खोकला त्याला ऐकू आला नाही, धनश्रीची शाळेची गडबड ऐकू आली नाही. तो उठला तेव्हा साडेसात वाजून गेले होते. “एक कूस बदलली न्हाई तुम्ही,” रंभा म्हणाली. तिला इतका आनंद झाला होता की तिनं सकाळीच पिठलं टाकलं. दोन भाकरी खाऊन तो ओट्यावर बसला. अंग हलकं झालं होतं, झाडाची पानंसुद्धा एकेक वेगळी दिसत होती.

साडेनऊला फोन आला.

नवनाथनं रात्री क्रू हॉटेलवर सोडला, पहाटे दुसरा विमानतळावर घातला, वाघोलीला येऊन बस घेतली आणि पहिल्या शिफ्टची माणसं रांजणगावला वेळेत पोचवली. परत येताना बस रिकामी होती. कारेगावच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली उभी होती. सगळ्यांना दिसत होती. नवनाथला दिसली नाही. ब्रेकची खूणही रस्त्यावर नव्हती. बसचा पुढचा भाग ड्रायव्हरच्या बाजूनं आत गेला. पुण्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत दुपार झाली, आणि रात्री डॉक्टरांनी उजवा पाय घोट्याच्या वरून काढला.

चौथ्या दिवशी बबनराव स्वतः कासुर्डीला आले. आबांना नमस्कार केला, रंभाच्या हातचा चहा घेतला, आणि मग पिशवीतून लाल रजिस्टर काढलं.

“त्या रात्रीची सही कर.”

“त्या रात्री मी न्हवतो.”

“ड्युटी तुझी हुती. गाडी तूच चालवली. हाटेल बारा चाळीस, विमानतळ पाच पंधरा. लिही.”

बबनरावांनी आवाज खाली आणला. “नीट ऐक. बसमालक विचारतोय, हा गडी रातभर कुठं हुता. नवनाथनं सांगितलंय, घरी झोपलो हुतो. तो जर माझ्याकडं रातपाळीला हुता असं निघालं, तर तो मालक दवाखान्याचा एक रुपया द्यायचा न्हाई. माझं कंत्राट जाईल ते जाऊ दे. त्याचा पाय गेलाय.”

“मला नवनाथला इचारू द्या.”

“जा इचार.”

दवाखान्याच्या जिन्यात नवनाथची आई सोजरबाई बसली होती. तिला सगळं ठाऊक होतं. ज्ञानदेवला बघून ती उठली, पण रडली नाही. “त्या रातीला तू झोपला हुतास ना?” तिनं विचारलं. “व्हय मामी.” “झोप लागली?” त्याला खोटं बोलता आलं नाही. “लागली.” तिनं मान हलवली. “मग सही कर बाबा. एवढं तरी कर.”

आत नवनाथ छताकडं बघत पडला होता. पायावरचं पांघरूण एका बाजूला सपाट होतं. ज्ञानदेवनं तिकडं न बघायचं ठरवलं होतं, तरी बघितलं.

“ती रात तू चालवलीस,” नवनाथ म्हणाला. “मी घरी झोपलो हुतो. जेवून साडेनऊलाच.”

“नवनाथ...”

“आता जा. मला औषधानं गुंगी येतीया.”

ज्ञानदेवनं सही केली. बारा चाळीस, पाच पंधरा. स्वतःच्या नावापुढं, स्वतःच्या अक्षरात. बसमालकानं दवाखान्याचं बिल भरलं आणि वर थोडं काही दिलं.

मार्चमध्ये सबनीस साहेब पुन्हा पुण्याला आले. दुपारची फेरी होती. गाडीत बसल्यावर त्यांनी स्वतःहून विषय काढला. “मी मुद्दाम तुमचं रजिस्टर मागवून पाहिलं. दहा-दहा तास आराम. एकही दिवस चुकलेला नाही. बरं वाटतंय ना आता?”

आरशात साहेबांचे डोळे दिसत होते. खाली काळी वर्तुळं आली होती. ज्ञानदेवच्या ओठांवर सगळं आलं होतं. पण त्यातलं एक वाक्य जरी बाहेर पडलं असतं, तरी ते आधी नवनाथच्या घरावर पडलं असतं.

“व्हय सर. बरं वाटतंय.”

“मग लिहिल्याचं सार्थक झालं.”

“व्हय सर.”

विमानतळावर त्यांनी त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि बॅग ओढत आत गेले. ज्ञानदेव गाडी घेऊन वाघोलीला आला, किल्ली बबनरावांच्या टेबलावर ठेवली आणि महिनाअखेरीस काम सोडतो म्हणून सांगितलं. बबनरावांनी का म्हणून विचारलं नाही.

जूनपासून तो यवतच्या शाळेची बस चालवू लागला. पैसे पहिल्यापेक्षा कमी, पण सकाळी साडेसहा ते साडेआठ आणि दुपारी एक ते तीन, मध्ये काही नाही. दुधाची पिकअपही त्यानं सोडली. रंभा कांद्याच्या खळ्यावर निवडायला जाऊ लागली. तिनं कुरकुर केली नाही, पण “विमानवाला” अशी हाक कुणी मारली की ती तोंड फिरवायची. गावात बरेच दिवस बोलणं चाललं होतं, चांगली नोकरी सोडली, डोकं फिरलंय म्हणून. आबांनी यवतच्या बाजारात जाणं कमी केलं.

सप्टेंबरात आबांना ताप भरला. ज्ञानदेव रात्रभर त्यांच्या उशाशी बसला होता. सकाळी सहाला तो शाळेत गेला आणि क्लार्कपुढं किल्ली ठेवली. “मी रातभर झोपलो न्हाई. आज गाडी न्हाई चालवत.”

क्लार्कला आधी कळलंच नाही. “म्हणजे आजारी आहेस?”

“न्हाई. झोपलो न्हाई.”

“मग पोरांना कोण आणणार?”

ज्ञानदेवनं किल्ली परत उचलली नाही. तो उभा राहिला. क्लार्कनं दोन जीपवाल्यांना फोन केले, निम्मी मुलं पहिला तास संपल्यावर पोचली, काही पालकांनी दारात येऊन तोंड सोडलं. त्या दिवसाचा पगार कापला गेला, आणि पुन्हा असं झालं तर दुसरा माणूस बघू, असं मुख्याध्यापकांनी बजावलं.

त्या आठवड्यातल्या बाजाराच्या दिवशी तो तळेगाव ढमढेरेला गेला. नवनाथ आता मेव्हण्याच्या मोबाईलच्या दुकानात रिचार्जला बसायचा, एक पाय स्टुलावर टाकून. महिन्यातून एकदा तरी ज्ञानदेव जायचा. बोलणं व्हायचं ते पोरांचं, पावसाचं, उसाच्या दराचं. त्या रात्रीचं कधीच नाही. आज मात्र ज्ञानदेवनं त्याला शाळेतली गोष्ट सांगितली. क्लार्क काय म्हणाला, पालक काय म्हणाले, सगळं.

नवनाथनं बडीशेपची पुडी त्याच्यापुढं धरली. “तू फोन केलास तवा मी बी न्हाईच म्हणणार हुतो,” तो म्हणाला.

“मग म्हणालास का न्हाई?”

“तू पुढं काय बोललाच न्हाईस. नुसता श्वास ऐकू येत हुता तुझा. मला वाटलं, ह्यो उभ्याउभ्या झोपला. ह्यानं आज गाडी घेतली तर ह्यो मरतोय.”

दुकानाबाहेर गिऱ्हाईक उभं होतं, पन्नासचं रिचार्ज मागत होतं. नवनाथनं नंबर विचारला आणि एकेक बटण दाबत राहिला. ज्ञानदेव तिथंच बाकावर बसला. बाजार उठेपर्यंत तो बसून होता, आणि नवनाथनंही त्याला जा म्हटलं नाही.